दुसरीकडे जास्त पगार मिळतोय : कारागिराने काय बोलावे, मालकाने काय करावे

मीरा रोड पूर्वेला हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत गाळ्याला गाळा लागून आहे. एका गाळ्यात लेथ फिरते, शेजारी प्लास्टिक मोल्डिंग, त्यापलीकडे बफिंगचे काम. मध्ये एक भिंत, तीही विटेची. त्यामुळे कोणाचा हात चांगला आहे, कोणाच्या डायला दुरुस्ती लागत नाही, कोणाच्या हातून रिजेक्शन कमी निघते, ही बातमी भिंतीपलीकडे जायला वेळ लागत नाही. दुपारच्या चहाला टपरीवर शेजारचा गाळेवाला हळूच विचारतो, "तिथे किती मिळतात तुला?" आणि आकडा ऐकून म्हणतो, "माझ्याकडे ये, तीन हजार जास्त देतो."

त्या रात्री त्या कारागिराला झोप लागत नाही. घरभाडे वाढलेले असते, मुलांच्या फीची तारीख जवळ आलेली असते. पण सध्याच्या शेठने काम शिकवलेले असते, लग्नाला उचल दिलेली असते, कित्येकदा तो गावचा किंवा नात्यातलाच असतो. सरळ निघून जावे की आधी शेठला सांगावे, "मला बाहेर इतके मिळत आहेत, तुम्ही तेवढे दिलेत तर मी राहतो"? असे सांगणे नमकहरामी आहे का?

आमचे मत विचाराल तर नाही. व्यापारी दुकानात बसून रोज हेच करतो. गिऱ्हाईक येऊन सांगते, "समोरच्या दुकानात हा माल दहा रुपयांनी स्वस्त आहे, त्या भावात द्या." आपण त्याला बेइमान म्हणत नाही. परवडले तर देतो, नाही तर हसून रवाना करतो. कारागिराचा माल म्हणजे त्याचा हात आणि त्याचे तास. त्याचा बाजारभाव विचारण्याचा हक्क त्यालाही आहे. फक्त गिऱ्हाईक खोटा भाव सांगू लागले की दुकानदाराचा विश्वास उडतो, आणि इथेही तसेच होते.

आमच्या वाचकांत गाळ्याचे मालकही आहेत आणि मशीनवर उभे राहणारेही. तेव्हा आम्ही दोन्ही बाजूंनी लिहिणार आहोत.

झहीर खानचा करार

"दुसऱ्याने दिलेला भाव आम्हीही देऊ, पण आधी आम्हाला विचारा" ही गोष्ट थेट सर्वोच्च न्यायालयात गेली आहे, आणि ती आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानमुळे गेली. झहीर 2000 साली भारतीय संघात आला. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला त्याने पर्सेप्ट डीमार्क या कंपनीशी करार केला. जाहिराती मिळवून देणे, त्याच्या नावाचा व्यवहार सांभाळणे हे कंपनीचे काम. मुदत तीन वर्षे, म्हणजे ऑक्टोबर 2003 अखेरपर्यंत. करारात एक कलम असे होते की मुदत संपल्यावर दुसऱ्या कोणी झहीरपुढे प्रस्ताव ठेवला, तर त्याने तो आधी लेखी स्वरूपात या कंपनीला दाखवायचा, आणि तेवढ्याच अटींवर त्याला ठेवून घेण्याची पहिली संधी कंपनीला द्यायची.

मुदत संपली. झहीरने नूतनीकरणाला नकार दिला आणि दुसऱ्या कंपनीकडे गेला. पर्सेप्ट डीमार्क मुंबई उच्च न्यायालयात गेली. एका न्यायमूर्तींनी कंपनीच्या बाजूने मनाई दिली, खंडपीठाने डिसेंबर 2003 मध्ये ती उठवली, आणि 22 मार्च 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निर्णय कायम ठेवला. आधार होता 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 27. कोणालाही कायदेशीर धंदा किंवा पेशा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द, असे हे कलम सांगते. करार चालू असताना घातलेले बंधन वेगळे, करार संपल्यावर माणसाच्या पायात घातलेली बेडी वेगळी, असा फरक न्यायालयाने केला.

यातून गाळ्यात काय घ्यायचे? मालकाने कारागिराकडून "दुसरीकडे जाण्यापूर्वी आम्हाला विचारीन" असे लिहून घेतले, तरी नोकरी सुटल्यावर त्या कागदाच्या जोरावर त्याला अडवता येईल अशी आशा धरू नये. आणि कारागिराने हेही पाहावे की झहीरने तो करार केला तेव्हा तो नवखा होता. नवखेपणी माणूस समोर आलेल्या कागदावर सही करतो. आपल्याकडे तर कित्येकदा कोऱ्या कागदावर करतो!

पण याची दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्ही वाचकांची दिशाभूल केल्यासारखे होईल. मुदत चालू असतानाचे बंधन न्यायालय मानते, आणि त्याचा दाखला कल्याणचा आहे. सेंच्युरी कंपनीच्या तिथल्या कारखान्यात टायर कॉर्ड धाग्याचा विभाग होता. परदेशी कंपन्यांकडून तंत्र आणलेले, ते गुप्त ठेवण्याची हमी दिलेली. तिथे निरंजन शंकर गोलिकरी हे मार्च 1963 पासून पाच वर्षांच्या करारावर शिफ्ट सुपरवायझर म्हणून लागले. कंपनीने त्यांना नऊ महिने शिकवले. 1964 च्या ऑक्टोबरअखेर त्यांनी काम सोडले आणि राजस्थानात कोट्याला रेयॉनच्या कारखान्यात गेले. तिथे पगार 560 रुपये, म्हणजे इथल्यापेक्षा जास्त. कंपनीने कल्याणच्या कोर्टात दावा लावला, नुकसानभरपाई म्हणून 2,410 रुपये मागितले, आणि उरलेल्या मुदतीत त्यांनी तसलेच काम दुसरीकडे करू नये असा हुकूम मागितला. मनाई मिळाली, ती उच्च न्यायालयात टिकली आणि जानेवारी 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकली. बंधन 15 मार्च 1968 पर्यंतच होते, म्हणजे कराराच्या मुदतीपुरते, आणि तेवढ्याच प्रकारच्या कामापुरते. म्हणून न्यायालयाला ते वाजवी वाटले.

अगदी अलीकडे, 14 मे 2025 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या एका प्रकरणात हीच दिशा धरली. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरावे अशी अट होती. अधिकारी दुसऱ्या बँकेत गेले, पैसे भरले आणि मग अटीविरुद्ध लढले. न्यायालयाने अट वैध ठरवली. तिने माणसाला जाण्यापासून रोखले नव्हते, भरतीचा खर्च भरून मागितला होता.

तेव्हा बाहेरून बोलावणे आले की कारागिराने पहिले काम हे करावे : घरच्या पिशवीतून नेमणुकीचा कागद काढावा आणि मुदत, नोटीस, बाँड यांतले काय त्यात लिहिले आहे ते वाचावे. वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्यावे. हाटकेशसारख्या वसाहतीत बहुतेकांकडे असा कागदच नसतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी नेमणूकपत्रावर भर दिला आहे, तेव्हा मालकांनीही हे काम आता टाळू नये.

जास्त म्हणजे खरेच जास्त का?

मालकाकडे जाण्यापूर्वी हिशेब करावा, आणि तो कागदावर करावा. तोंडी हिशेबात माणूस स्वतःलाच फसवतो.

समजा, हाटकेशच्या एका गाळ्यात टर्नरला महिना 26,000 मिळतात. 26 दिवस, आठ तास. म्हणजे रोज 1,000 आणि तासाला 125 रुपये. वसईला वालीवकडच्या एका कारखान्यातून निरोप येतो, 32,000 देतो. सहा हजार जास्त! पण तिथे पाळी बारा तासांची. 26 दिवसांचे 312 तास झाले. 32,000 ला 312 ने भागा : तासाला 102 रुपये आणि काही पैसे. पगार वाढला, भाव घसरला. सध्याच्या शेठकडेच चार तास जास्त उभा राहिला आणि शेठने साध्या दराने पैसे दिले, तरी 39,000 होतात. कायद्याने जादा तासांना दुप्पट दर आहे, त्या हिशेबाने 52,000. साध्या भागाकाराने जे दिसते ते कित्येक जण पाहत नाहीत, कारण "बत्तीस" हा आकडा कानाला गोड लागतो.

त्यात प्रवास. मीरा रोडहून सकाळी वसईकडे जाणारी गाडी उलट्या दिशेची, गर्दी कमी, हे खरे. पण वसई रोड स्टेशनाहून पुढे शेअर रिक्षा, आणि परत येताना तेच. हाटकेशात पायी किंवा सायकलने येणाऱ्याने या पैशांबरोबर रोजचा वेळही मोजावा. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, जुम्याच्या नमाजाला सोडतात का, पगार कोणत्या तारखेला होतो, बोनस मिळतो की बोनसच्या नावाने मिठाईचा डबा, हेही विचारून घ्यावे. विशेषतः पगाराची तारीख. 32,000 सांगून वीस तारखेपर्यंत ताटकळत ठेवणाऱ्यापेक्षा सात तारखेला 28,000 हातात ठेवणारा मालक बरा, असे आम्हाला वाटते.

दोन गोष्टी कारागिरांच्या नजरेतून हमखास सुटतात. पहिली ईएसआय. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यात महिना 21,000 पर्यंत पगार असणाऱ्याला ही योजना लागू होते. ही मर्यादा जानेवारी 2017 मध्ये ठरली. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. बदल्यात घरच्या सगळ्यांना दवाखाना, आजारपणात ठराविक दिवस पगाराच्या सत्तर टक्के, आणि कामावर दुखापत होऊन घरी बसावे लागले तर नव्वद टक्के. पॉवर प्रेसवर काम करणाऱ्याला बोटांची किंमत आम्ही सांगायला नको. आता 20,500 मिळवणारा कारागीर मालकाकडून 22,000 करून घेतो. वर्गणीची चालू सहामाही संपेपर्यंत त्याची वर्गणी चालू राहते, नंतर तो योजनेबाहेर जातो. घरात कोणाचे औषधपाणी चालू असेल, बाळंतपण जवळ असेल, तर हे दीड हजार महागात पडू शकतात. अशा वेळी पगाराऐवजी दुसरे काही मागता येते का ते पाहावे. नव्या ठिकाणी दहा माणसेच नसतील तर ईएसआयही नाही, हे लक्षात घ्यावे.

दुसरी ग्रॅच्युइटी. 1972 च्या कायद्यापासून चालत आलेला आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत राहिलेला नियम असा : दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत सलग पाच वर्षे झाली की प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. ठराविक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्याला नव्या संहितेत एक वर्षानंतरही प्रमाणात मिळते. आमच्या टर्नरचा मूळ पगार 26,000 धरला तर वर्षाला 15,000, पाच वर्षांचे 75,000. पाच वर्षे पुरी व्हायला चार महिने उरले असताना तो तीन हजारांसाठी निघाला, तर हे 75,000 भरून यायला त्याला पंचवीस महिने लागतील. चार महिने थांबून मग बोलणी केली तर?

बोलायचे कसे

बोलावणे खरे असावे. हे आम्ही पुन्हा सांगतो, कारण यात घसरणारे फार. हाटकेशातले गाळेवाले एकमेकांना ओळखतात, एकमेकांचे जॉबवर्क करतात, एकाच टेम्पोत माल पाठवतात. खोटा आकडा सांगितला तर शेठ एक फोन करील आणि संध्याकाळी खरे कळेल. त्यानंतर पगारही वाढत नाही आणि इज्जतही राहत नाही. शक्य असेल तर नव्या मालकाकडून आकडा, तास आणि रुजू होण्याची तारीख निदान मोबाइलवर लिहून घ्यावी. तोंडी बोलावणे सर्वांत आधी विरते.

आणि सांगताना मनाची तयारी हवी. शेठ म्हणाले, "ठीक आहे, जा," तर खरेच जाता आले पाहिजे. जायचेच नसेल तर बाहेरच्या भावाची गोष्ट काढू नये. सरळ पगारवाढ मागावी. तीही मागता येते, त्यासाठी दुसरा मालक लागत नाही.

वेळ पाहावी. माल निघायच्या दिवशी, मशीन बंद पडले असताना, चार माणसांसमोर हे बोलणे काढू नये. अडचणीत गाठून घेतलेली वाढ शेठच्या मनात राहते. दुपारी गाळा शांत असताना केबिनमध्ये, एकट्याने. बोलणे साधारण असे असावे :

"शेठ, एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. मला वालीवहून बोलावणे आले आहे, 31,000 आणि आठ तास. मी अजून हो म्हटलेले नाही. तुमच्याकडे चार वर्षे आहे, काम तुमच्याकडेच शिकलो, मन इथेच आहे. पण घरखर्च भागत नाही. तुम्ही पगाराचे काही करू शकलात तर मी त्यांना नाही सांगतो. गुरुवारपर्यंत सांगा."

यात आकडा आहे, तारीख आहे, धमकी नाही. शेजारच्या कारागिराला किती मिळतात हे यात नाही, आणि नसावे. हवे तर आपण काय करतो ते एक-दोन वाक्यांत सांगावे : सेटिंग स्वतः करतो, डाय बाहेर दुरुस्तीला पाठवावी लागत नाही, दोन हेल्पर माझ्या हाताखाली तयार झाले. शेठला हे ठाऊक असते, पण ऐकवले नाही तर आठवत नाही.

शेठ पूर्ण आकडा देऊ शकत नसतील तर अर्धे आता, अर्धे दिवाळीनंतर, असे होऊ शकते. ओव्हरटाइमला दुप्पट दर, पगाराची पक्की तारीख, ईएसआय-पीएफमध्ये नाव, सुपरवायझरचे पद, यांपैकी काही मिळू शकते. जे ठरेल ते कागदावर घ्यावे, एका ओळीचे का होईना. आणि एकदा शेठने भाव जुळवला, आपण हो म्हटले, की नव्या ठिकाणी त्याच दिवशी नम्रपणे नाही कळवावे. दोन्हीकडे हो म्हणून तिसऱ्या दिवशी आकडा आणखी वाढवणारे कारागीर असतात. त्यांना पुढे दोन्हीकडून बोलावणे येत नाही.

एक इशारा. भाव जुळवून ठेवलेल्या माणसाकडे काही मालक नंतर वेगळ्या नजरेने पाहतात. शेजारी पुतण्याला उभे करतात, काम शिकवून घेतात आणि सहा महिन्यांनी "धंदा मंदा आहे" म्हणतात. म्हणून मूळ तक्रार पगाराची नसेल, शेठच्या तोंडाची असेल, बढतीची असेल, तर पैसे जुळवून ती मिटणार नाही. त्यापेक्षा गोडीने निघालेले बरे.

आता मालकांना. कारागीर येऊन असे सांगतो तेव्हा पहिला राग आवरावा. तो तुम्हाला सांगायला आला, न सांगता सोमवारी गैरहजर राहिला नाही, हे त्याचे चांगलेच आहे. मग तुम्हीही भागाकार करा. महिना तीन हजारांची वाढ म्हणजे वर्षाला 36,000. तो गेला तर मशीन किती दिवस बंद राहील, कर्जाचा हप्ता तर थांबणार नाही, नवा माणूस हात बसेपर्यंत किती माल रिजेक्ट करील? अमेरिकेत मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड याला 1913 साली सुमारे 14,000 कामगार टिकवण्यासाठी वर्षभरात 52,000 माणसे भरती करावी लागली, इतके लोक सोडून जात होते. जानेवारी 1914 मध्ये त्याने रोजंदारी दुपटीहून वर नेऊन पाच डॉलर केली, अटी घालूनच, आणि कामाचे तास नवावरून आठ केले. दानधर्म म्हणून नव्हे, हिशेब करून.

तुमचा हिशेब उलटाही निघू शकतो. जॉबवर्कचा दर पार्टी वाढवत नाही, तेव्हा कुठून द्यायचे? मग तसे खरे सांगा. चलान दाखवा हवे तर. "तुझ्यासारखे छप्पन्न मिळतील" हे वाक्य मात्र बोलू नका, ते गाळाभर ऐकू जाते. आणि एकट्याचा पगार गुपचूप वाढवला तर ते गुपित मगरीबपर्यंत टिकते. त्याच कामावरच्या दुसऱ्याला काय सांगणार, ते आधी ठरवून मग हो म्हणा. दर वर्षी एका ठराविक महिन्यात सगळ्यांचे पगार पाहण्याची रीत ज्यांनी ठेवली आहे, त्यांच्याकडे असे प्रसंग कमी येतात.

राहिली उचल. हाटकेशात काय, भिवंडीत काय, कारागीर अडतो तो इथेच. उचल दिली म्हणून माणूस विकत मिळत नाही. कर्जाच्या बदल्यात कामाला बांधून ठेवणे 1976 च्या कायद्याने गुन्हा आहे. आधारकार्ड, दाखले अडकवून ठेवणेही सोडून द्यावे. पण उचल हे कर्ज आहे आणि ते फेडलेच पाहिजे, यात कारागिरानेही शंका ठेवू नये. पगारातून हप्त्याने कापता येते, सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. जायचे ठरलेच तर दोघांनी बसून एका कागदावर लिहावे : उचल किती घेतली, किती फिटली, बाकी किती, किती महिन्यांत देणार. नवा मालक ती बाकी एकरकमी भरून देतो म्हणाला तर कारागिराने आधी विचारावे की ते पैसे आता कोणाच्या वहीत उधार लिहिले जाणार. राजीनाम्यानंतर राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावा असे वेतन संहिता सांगते, तेव्हा तो हिशेबही त्याच बैठकीत करावा, आणि दोघांनी सही करून एक-एक प्रत ठेवावी.